गोंदण पुसणारा कॅमेरा

सोलापूरचा माणूस गड्ड्याला गेला आणि अक्षतेचा फोटो न घेता परतला, असे आता सहसा होत नाही. दर संक्रांतीला संमती कट्ट्यावरच्या सोहळ्याचे फोटो माझ्या फोनवर येऊन पडतात. गेली काही वर्षे मी ते पुसून न टाकता साठवतो आणि फुरसतीने पाहतो. एक गोष्ट ध्यानात आली. फोन जितका नवा, तितके फोटो एकमेकांसारखे; आणि अक्षतेच्या फोटोत बहुधा अक्षताच नसतात.

हात हलला म्हणून असे होत नाही. बटण एकदाच दाबले तरी आजचा फोन पाठोपाठ अनेक चित्रे टिपतो, एकमेकांवर बसवतो आणि त्यांतून एक चित्र शिजवून देतो. काळोख असेल तिथे उजळतो, झगझगीत असेल तिथे दाबतो आणि बारीक ठिपके कचरा समजून घासतो. हवेत उडालेला अक्षतेचा दाणा त्याच्या हिशेबात असाच एक ठिपका ठरत असावा.

बाराबंदीचे हाल निराळे. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक पूर्वीपासून समोरचे जग सरासरी करडे आहे असे धरून चालतो. सात नंदीध्वजांभोवती भर उन्हात पांढऱ्या पोशाखांची दाटी झाली की तो बिचकतो आणि उजेड कमी करतो. पांढरे मळकट होते, सावळे चेहरे बुडतात. मग फोन तेच चेहरे ओढून वर काढतो, तेव्हा ते राखेसारखे सपाट दिसतात. घामाची चमक जाते, सोलापूरचे ऊनही जाते. याला आपण ‘क्लिअर आलाय’ म्हणतो!

चेहऱ्यांची ही गोष्ट जुनी आहे. कोडॅकच्या काळात रंगीत छपाई जुळवण्यासाठी एका गोऱ्या बाईचे चित्र प्रमाण धरीत. त्या कार्डाला ‘शर्ली’ म्हणत. गडद कातडीचे रंग नीट यावेत म्हणून गूगलने ‘रिअल टोन’ आणले ते २०२१ मध्ये. आणि २०२३ मध्ये एकाने चंद्राचे मुद्दाम धूसर केलेले चित्र संगणकाच्या पडद्यावर लावून सॅमसंगच्या फोनने टिपले, तर फोनने त्यात नसलेले बारकावे भरून दिले. म्हणजे नसलेले भरणे आणि असलेले पुसणे, दोन्ही कामे हा कॅमेरा न विचारता करतो.

पुसण्याचा अर्थ मला घरात कळला. आई गेली तेव्हा भिंतीवर लावायला फोटो हवा होता. भावाच्या फोनमध्ये तिचे फोटो रग्गड होते. सगळ्यांत ती गोरी, गुळगुळीत. हनुवटीवरचे हिरवे गोंदण एकातही नाही. कोणीतरी कधीतरी चेहरा ‘सुंदर’ करण्याची सोय चालू करून ठेवली होती, एवढेच. ते गोंदण तिने सात-आठ वर्षांची असताना रडत रडत काढून घेतले होते. शेवटी पेटीतला स्टुडिओतला कृष्णधवल फोटो मोठा करून घेतला.

तेव्हापासून मी फोनचे ऐकत नाही. चेहरे सुधारण्याची सोय आधी बंद करतो. काच धोतराच्या सोग्याने का होईना, पुसतो. निम्मे धुरकट फोटो बोटांच्या तेलाने होतात. पडद्यावर बाराबंदीवर बोट दाबून धरले की मोजमाप तिथे थांबते. मग बोट खाली-वर सरकवून उजेड आपल्याला हवा तेवढा ठेवता येतो. चेहरा टिपायचा तर चार पावले मागे सरून दुप्पट भिंग घ्यावे, कारण फोनचे नेहमीचे भिंग रुंद असते आणि जवळून नाक फुगते. अक्षतेसाठी सूर्य समोरच्या बाजूला आणि दाण्यांच्या मागे सावली अशी जागा धरावी. तेव्हा दाणे चमकतात, आणि फोनलाही ते ठिपके म्हणून झटकता येत नाहीत. गर्दीत ही जागा मिळणे कठीण. मला दोन वर्षांत एकदाच मिळाली.

यंदा भोगीला मावशीला दारात, उंबऱ्याच्या आत बसवले. बाहेरचा उजेड एका गालावर तिरका येत होता. फोटो काढून फोन तिच्या हातात दिला. तिने चष्मा वर सारला, पडदा डोळ्यांजवळ नेला.

“सुरकुत्या लई आल्यात की रे,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, “पण गोंदण दिसतंय बघ.”