दंड की दर?
अर्थशास्त्र म्हणजे पैशाचा हिशेब, ही समजूत स्टीव्हन लेव्हिट व स्टीफन डबनर यांचे ‘फ्रीकॉनॉमिक्स’ (२००५) हे पुस्तक दूर करते. माणूस आर्थिक, सामाजिक व नैतिक प्रेरकांनुसार वागतो, असे लेखक म्हणतात.

त्यांनी दिलेले एक उदाहरण शिक्षकांनी मुद्दाम पाहावे. इस्रायलमधील हैफा येथे पाळणाघरांतून मुलांना न्यायला पालक उशिरा येत. ग्नीझी व रुस्तिकिनी या अर्थतज्ज्ञांनी १० पैकी ६ पाळणाघरांत उशिराबद्दल दंड सुरू केला. ४ ठिकाणी काहीच बदलले नाही. दंडामुळे उशीर घटण्याऐवजी जवळजवळ दुप्पट झाला! दंड उठवल्यावरही तो उतरला नाही. बाईंना ताटकळत ठेवल्याची खंत गेली आणि दंड हा थांबण्याचा दर ठरला.

लेखक ही खंतसुद्धा ‘नैतिक प्रेरक’ म्हणून आपल्या सूत्रात बसवतात. येथे मी अडखळतो. प्रत्येक वागण्यामागे कोणता ना कोणता प्रेरक दाखवता येत असेल, तर हे सूत्र चुकीचे कधी ठरणार? विज्ञानात हा प्रश्न टाळता येत नाही. तरीही पुस्तक जरूर वाचावे. आणि शाळेत दंड लावायचाच असेल, तर आधी व नंतर उशिराच्या नोंदी ठेवाव्यात.