न लढणाऱ्या माणसांची बाजू

चळवळीतून घडलेल्या समीक्षेला एक सवय जडलेली असते. कोणतीही कलाकृती समोर आली की तिच्यातील माणूस अन्यायाविरुद्ध उभा राहतो की नाही, हा प्रश्न ती सर्वप्रथम विचारते. हा प्रश्न गैर आहे असे कोणी म्हणणार नाही. ज्यांना शतकानुशतके मुके ठेवण्यात आले, त्यांच्या समीक्षेने बोलणाऱ्या आणि नकार देणाऱ्या नायकाचा शोध घ्यावा, हे स्वाभाविकच होय. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटाच्या अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड आपल्या मनात घर करून राहिला, तो याच कारणाने. परंतु ज्याच्या हाताला दगड उचलण्याचेच त्राण उरलेले नाही, त्या माणसाचे काय? त्याच्याविषयीची कलाकृती पराभूत मनोवृत्तीची ठरवून बाजूस सारावी काय? हा प्रश्न तपासण्यासाठी दीर्घकाळ उपेक्षित राहिलेले दोन अमेरिकन चित्रपट येथे विचारात घेतले आहेत. एक चार्ल्स बर्नेट यांचा ‘किलर ऑफ शीप’ आणि दुसरा बार्बरा लोडेन यांचा ‘वाँडा’.

बर्नेट यांचा जन्म १९४४ साली मिसिसिपी राज्यात झाला आणि ते लहानाचे मोठे झाले लॉस एंजेलिसमधील वॉट्स या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत. ऑगस्ट १९६५ मध्ये या वस्तीत जो उठाव झाला, त्यात सहा दिवसांत ३४ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर वॉट्स हे नाव जगभर आग आणि बंदुका यांच्याशी जोडले गेले. बर्नेट यांनी मात्र आग विझल्यानंतरची वस्ती पाहिली. विद्यापीठातील पदवीसाठी प्रबंध म्हणून त्यांनी हा चित्रपट केला. शनिवार-रविवारच्या सुट्टीत, शेजारीपाजारी व मित्रमंडळी यांना घेऊन, १६ मिलिमीटरच्या कृष्णधवल फितीवर आणि दहा हजार डॉलरांहून कमी खर्चात त्याचे चित्रीकरण झाले. १९७७ साली तो पूर्ण झाला. पण त्यात वापरलेल्या गाण्यांचे हक्क घेण्याइतके पैसे नसल्यामुळे तो चित्रपटगृहांत रीतसर पोहोचू शकला नाही. १९८१ साली बर्लिन महोत्सवात समीक्षकांनी त्याचा गौरव केला आणि १९९० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला. तरीही सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी तो प्रदर्शित होण्यास २००७ साल उजाडावे लागले.

चित्रपटाचा नायक स्टॅन हा मेंढ्यांच्या कत्तलखान्यात मजुरी करतो. त्याला रात्री झोप येत नाही. त्याच्या घरात पत्नी आहे, दोन मुले आहेत, दारात मित्रांची ये-जा आहे. आणि तरीही तो एकटा आहे. कथानक म्हणावे असे येथे काही घडत नाही. स्टॅन आणि त्याचा मित्र जुन्या मोटारीसाठी एक इंजिन विकत घेतात, जिन्यावरून ते मोठ्या कष्टाने खाली उतरवतात, गाडीच्या मागच्या कडेवर ठेवतात. गाडी सुरू होताच ते रस्त्यावर पडून निकामी होते. पुढे सगळे मिळून घोड्यांच्या शर्यतीला निघतात, तर वाटेत चाक पंक्चर होते आणि जादा चाक सोबत नसते. आपल्याकडील गरीब वस्तीत वाढलेल्या वाचकास या प्रसंगांचे निराळे स्पष्टीकरण द्यावे लागणार नाही. दारिद्र्यात कष्ट वाया जातात ते असे. त्यासाठी कोणा खलनायकाची गरज पडत नाही.

एका प्रसंगी स्टॅन गरम चहाचा कप गालाला लावतो आणि त्या उबेने त्याला स्त्रीच्या सहवासाची आठवण होते. समोरचा मित्र हसण्यावारी नेतो. याच स्टॅनला पत्नीच्या जवळ मात्र जाता येत नाही. डायना वॉशिंग्टन यांच्या गाण्यावर ती दोघे खिडकीपाशी संथपणे नाचतात. ती त्याला बिलगते, आणि गाणे संपताच तो तिच्यापासून दूर होऊन निघून जातो. ती एकटी खिडकीशी उरते. दिवसभर प्राण्यांच्या मृत्यूशी झटलेल्या शरीरात प्रेमासाठी काही शिल्लक राहत नाही, हे येथे एकाही शब्दावाचून सांगितले गेले आहे. श्रमाने माणसाची पिळवणूक होते, हे आपण अर्थशास्त्राच्या भाषेत पुष्कळदा वाचतो. ती पिळवणूक रात्री घरात येऊन नवराबायकोच्या मध्ये कशी उभी राहते, हे या चित्रपटाने दाखविले आहे.

‘वाँडा’ची जातकुळी वेगळी आहे. बार्बरा लोडेन या मूळच्या अभिनेत्री. १९७० साली त्यांनी स्वतः लिहून, दिग्दर्शित करून आणि प्रमुख भूमिका करून हा चित्रपट सिद्ध केला. एका बँक दरोड्यात साथ दिलेल्या स्त्रीने शिक्षा ठोठावली गेल्यावर न्यायाधीशांचे आभार मानले, अशी वृत्तपत्रातील बातमी त्यांच्या वाचनात आली होती. तुरुंग हाच ज्या माणसाला आसरा वाटतो, त्याचे बाहेरचे जीवन कसे असेल, या विचारातून चित्रपट जन्मला. व्हेनिसच्या महोत्सवात त्यास पारितोषिक मिळाले, पण अमेरिकेत त्याचे प्रदर्शन अत्यंत मर्यादित राहिले. लोडेन यांना दुसरा कथापट करता आला नाही. १९८० साली, वयाच्या ४८ व्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

पेनसिल्व्हेनियातील कोळशाच्या खाणींचा मुलूख. काळ्या ढिगाऱ्यांमधून पांढऱ्या कपड्यांतील एक बारीक आकृती चालत जाते, आणि कॅमेरा दुरूनच बराच वेळ तिच्यावर खिळून राहतो. ही वाँडा. घटस्फोटाच्या खटल्यास ती उशिरा पोहोचते आणि मुले नवऱ्याकडेच बरी राहतील असे सांगून मोकळी होते. शिवणकामाच्या कारखान्यात तिचा हात संथ चालतो म्हणून तिला काम नाकारले जाते. चित्रपटगृहात तिचा डोळा लागतो आणि जवळचे पैसे चोरीस जातात. पुढे ती डेनिस नावाच्या एका चिडखोर चोरट्याच्या मागे जाते. तो तिच्यावर खेकसतो, तिने काय ल्यावे हे ठरवतो, प्रसंगी हातही उगारतो. आणि ती अखेरपर्यंत त्याला ‘मिस्टर डेनिस’ असेच संबोधते. बँक लुटण्याच्या कामात तिने एकदा धीटपणा दाखविला, तेव्हा तो तिची प्रशंसा करतो. त्या दोन शब्दांनी तिचा चेहरा उजळतो, तो क्षण पाहवत नाही. इतक्या आयुष्यात हे कोणी तिला म्हटलेच नव्हते, हे आपल्या ध्यानी येते.

दरोडा फसतो. डेनिस मारला जातो. वाँडा रहदारीत अडकल्यामुळे तेथे वेळेवर पोहोचतच नाही. ज्या आभारप्रदर्शनाच्या बातमीतून चित्रपट सुचला, तो न्यायालयाचा प्रसंग लोडेन यांनी गाळूनच टाकला आहे. एखाद्या व्यावसायिक दिग्दर्शकाने नेमका तोच प्रसंग शिखरस्थानी ठेवला असता. येथे अखेरीस वाँडा एका रस्त्यालगतच्या दारूगुत्त्यात अनोळखी माणसांच्या घोळक्यात बसलेली दिसते. कोणी तिला खायला देतो, कोणी सिगारेट पुढे करतो, वाद्ये वाजत असतात, आणि तिच्या चेहऱ्यावर चित्र थिजते.

आता मूळ आक्षेपाकडे वळू. ‘वाँडा’ प्रदर्शित झाला तेव्हा अमेरिकेतील स्त्रीमुक्ती चळवळ ऐन भरात होती. अशा वेळी पडेल ते सोसणारी, कोणाही पुरुषामागे जाणारी नायिका चळवळीतील काही स्त्रियांना रुचली नाही. कृष्णवर्णीयांच्या बाबतीतही परिस्थिती निराळी नव्हती. ‘शाफ्ट’ (१९७१) आणि ‘सुपर फ्लाय’ (१९७२) यांसारख्या चित्रपटांनी रुबाबदार, कोणापुढे न झुकणारा काळा नायक पडद्यावर आणला होता आणि प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले होते. त्यापुढे निद्रानाशाने ग्रासलेला कत्तलखान्यातील मजूर कोणाला हवा होता?

ही चर्चा आपल्याला परकी नाही. मुंबईत १९७२ साली ‘दलित पँथर’ स्थापन झाली, तिने आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथर या संघटनेवरून घेतले. कृष्णवर्णीयांच्या साहित्याची चर्चा मराठी दलित समीक्षेत पूर्वीपासून होत आली आहे. त्या चर्चेत विद्रोह हे मूल्य केंद्रस्थानी आले, हे आवश्यकच होते. परंतु त्याच १९७२-७३ च्या सुमारास बर्नेट आपल्या वस्तीत कॅमेरा घेऊन ज्या माणसांपाशी थांबले होते, ती माणसे त्या चर्चेत फारशी आली नाहीत. मोर्च्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पुन्हा कामावर जाणारा माणूस प्रत्येक चळवळीत बहुसंख्य असतो. त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी नसेल, तर चळवळीला आपलीच माणसे ओळखता येणार नाहीत.

या दोन्ही चित्रपटांची खरी थोरवी त्यांच्या पाहण्याच्या पद्धतीत आहे. कीव आणि करुणा यांत जो भेद आहे, तो येथे प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. कीव करणारा स्वतःला सुरक्षित उंचीवर ठेवतो. तो दुःखिताला निष्पाप, सोज्ज्वळ बनवू पाहतो, म्हणजे त्याच्यासाठी अश्रू ढाळणे सोपे जाते. बर्नेट आणि लोडेन यांनी ही सवलत आपल्याला दिलेली नाही. वाँडा मुलांना सोडून येते, आणि ते योग्य की अयोग्य, याचा निवाडा चित्रपट करीत नाही. स्टॅन गरीब म्हणवून घेण्यास तयार नाही. आपण जुन्या वस्तू धर्मादाय संस्थेला देतो, मग आपण गरीब कसे, असा त्याचा युक्तिवाद आहे. त्याची ही फसवी अस्मिता हास्यास्पद आहे आणि तितकीच आदरणीयही.

शिवाय ही माणसे अगदीच लढत नाहीत, असे म्हणणेही वरवरचे ठरेल. दोन परिचित एका खुनात साथ मागण्यासाठी स्टॅनच्या दारी येतात, तेव्हा तो त्यांच्यात सामील होत नाही आणि त्याची पत्नी दारात उभी राहून त्या दोघांची खरडपट्टी काढते. डेनिसच्या मृत्यूनंतर एक सैनिक वाँडावर बळजबरी करू पाहतो, तेव्हा ती किंचाळते, त्याला मारते आणि रानात पळून जाते. या कृतींनी त्यांची परिस्थिती बदलत नाही. म्हणूनच आपण त्यांना प्रतिकाराच्या इतिहासात मोजत नाही. त्या मोजल्या गेल्या पाहिजेत, हे या चित्रपटांचे म्हणणे आहे.

दोहोंत उणिवा नाहीत असे नाही. स्टॅनच्या पत्नीला श्रेयनामावलीतही नाव नाही. तिचे एकाकीपण आपल्याला जाणवते, पण चित्रपट अखेर स्टॅनचाच राहतो. ‘वाँडा’मध्ये खाणीचा मुलूख पार्श्वभूमी म्हणून प्रभावी आहे, तो उजाड का झाला, याचा मागोवा मात्र घेतलेला नाही. दुःखाचे वर्णन जितके निर्मम आहे, तितका कारणांचा शोध खोल नाही, असे ‘वाँडा’बद्दल म्हणता येईल. बर्नेट या बाबतीत पुढे आहेत. त्यांनी मेंढ्यांचे कळप आणि पडक्या इमारतींवरून उड्या मारणारी, एकमेकांवर दगड फेकणारी मुले यांची दृश्ये आलटूनपालटून ठेवली आहेत. ही मुले उद्या कोठे जाणार, हा प्रश्न प्रेक्षकाला आपोआप पडतो, आणि त्यातच कारणाकडे निर्देश आहे.

आज दोन्ही चित्रपटांच्या प्रती दुरुस्त करून जतन करण्यात आल्या आहेत आणि जिज्ञासूंना त्या पाहता येतात. विहारांतून व महाविद्यालयांतून चित्रपट दाखविण्याचे जे उपक्रम चालतात, त्यांत क्रांतीच्या चित्रपटांबरोबर यांनाही स्थान मिळावे, असे सुचवावेसे वाटते. ‘किलर ऑफ शीप’च्या शेवटाकडे स्टॅन आणि त्याची पत्नी घरात एकमेकांजवळ बसतात, दोघांच्या चेहऱ्यावर क्षणभर हसू उमटते. त्यानंतर स्टॅन पुन्हा कत्तलखान्यात मेंढ्या हाकताना दिसतो. ते हसू खोटे नव्हते आणि कत्तलखानाही संपलेला नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या मानण्याची तयारी ज्या समीक्षेत असेल, तिलाच आपल्या वस्तीतल्या थकलेल्या माणसाविषयी बोलण्याचा अधिकार पोहोचतो.