विद्यापीठाची सुरक्षा : दोन कागद आणि एक भिंत



तत्त्वज्ञानाच्या माणसाचा वॉचमन आणि कॅमेऱ्याशी काय संबंध, असं विषय वाचून तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. पस्तीस वर्षं शिकवताना मलाही तसंच वाटायचं. पण आज मी एका सरकारी कागदाची समीक्षा करणार आहे. कादंबरीची करतो तशी, ओळ ओळ वाचून. हे कागद कंटाळवाणे असतात म्हणून प्राध्यापक ते वाचत नाहीत. ते ऑफिसात जातात, फायलीला लागतात, आणि मग एके दिवशी गेटवर नवीन नियम येतो.

पहिला कागद विद्यापीठ अनुदान आयोगाचा, 2015 सालचा. कॅम्पसच्या आत आणि बाहेर विद्यार्थ्यांची सुरक्षा कशी राखावी, याच्या मार्गदर्शक सूचना. त्यात काय आहे? कॉलेज आणि वसतिगृहाभोवती अशी भिंत हवी की तिच्यावर सहज चढता येऊ नये, आणि वर काटेरी तारेची वेटोळी घालावीत. दारावर रखवालदार, येणाऱ्याजाणाऱ्याची नोंद, ओळखपत्र, सीसीटीव्ही. हजेरी बोटाच्या ठशावर, वर्गात आणि वसतिगृहातसुद्धा. जमल्यास आवारातच पोलीस ठाणं. दर तीन महिन्यांनी पालकसभा. समुपदेशनाचंही कलम आहे, ते नाही असं मी म्हणणार नाही.

आता नुसत्या यादीकडे बघा. भिंत, तार, ठसा, ठाणं. ही यादी वाचून डोळ्यांसमोर कुठली इमारत उभी राहते, ते मी सांगायला नको. बरं, पालकसभा कुणाची? अठरा पूर्ण झालेल्यांची. ज्यांना आपण खासदार निवडायला लावतो, त्यांची प्रगती आईबापांना दर तिमाहीला कळवायची!

पण माझा मुख्य आक्षेप हा नाही. या कागदातला 'धोका' कुठून येतो, ते शोधा. तो बाहेरून येतो. अनोळखी असतो, त्याच्याकडे ओळखपत्र नसतं, आणि तो भिंतीवरून उडी मारतो. सगळी योजना या एका काल्पनिक माणसासाठी रचली आहे.

खरा माणूस कोण असतो? मुंबईत चर्नी रोडला मुलींचं शासकीय वसतिगृह आहे, नाव सावित्रीबाई फुले. जून 2023 मध्ये तिथे एका विद्यार्थिनीचा तिच्या खोलीत खून झाला. संशय ज्याच्यावर होता तो भिंतीवरून आला नव्हता. तो वसतिगृहातच रखवालीची कामं करणारा माणूस होता. त्याचा मृतदेह रेल्वेरुळावर सापडला. कोलकात्यात 9 ऑगस्ट 2024 ला आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात शिकाऊ डॉक्टरचा बलात्कार आणि खून झाला. त्यात शिक्षा झाली ती पोलिसांबरोबर काम करणाऱ्या स्वयंसेवकाला. म्हणजे आत जायची मुभा ज्याला होती, त्यालाच.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये एका ठिकाणी ग्लॉकॉन म्हणतो की राखणदारालाच राखणदार लागावा हे हास्यास्पद होईल. तिथे विषय दारूचा चाललाय, हे आपण विसरतो. अडीच हजार वर्षं झाली, तो हास्यास्पद प्रश्न काही सुटला नाही.

आणि कोलकात्याच्या घटनेनंतर सरकारनं केलं काय? पश्चिम बंगालच्या सूचनांत एक होती की स्त्रियांना शक्यतो रात्रपाळी देऊ नये. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबरमध्ये त्याबद्दल झापलं. अहो, सुरक्षा देणं सरकारचं काम. बाईनं रात्री काम करायचं नाही हा त्यावरचा इलाज कसा? गुन्हा एकानं करायचा आणि संचारबंदी दुसरीवर.

इथे थोडं शब्दांत शिरतो. जुनी खोड आहे, सहन करा. इंग्रजीत सुरक्षेसाठी जो शब्द आहे, 'सिक्युरिटी', तो लॅटिनमधून आला. 'से' म्हणजे विना आणि 'कूरा' म्हणजे काळजी. काळजीविना असणं. आता मराठीची गंमत बघा. आपल्याकडे काळजी 'वाटते' आणि काळजी 'घेतात'. एकच शब्द, पण काम अगदी उलटं. मला काळजी वाटते तेव्हा त्रास मला होत असतो. मी काळजी घेतो तेव्हा लक्ष दुसऱ्याकडे असतं. आपली बहुतेक सुरक्षा-धोरणं प्राचार्यांना, कुलसचिवांना, पालकांना वाटणारी काळजी मिटवतात. मुलगी सात वाजता आत आली, रजिस्टरला सही झाली, रेक्टरबाईंचा जीव भांड्यात पडला. आत आल्यावर तिची काळजी कोण घेतं, हे त्या रजिस्टरला ठाऊक नसतं.

सोलापूरकरांना हा फरक जास्त समजावून सांगावा लागू नये. मे 1930 मध्ये या शहरात मार्शल लॉ होता. तोही शांतता आणि सुरक्षिततेसाठीच आणला होता ना? डोक्यावर गांधी टोपी घालणं हासुद्धा तेव्हा धोका ठरला. सुरक्षा कुणाची आणि कुणापासून, हे विचारल्याशिवाय तो शब्द वापरू नये, एवढंच मला त्यातून घ्यायचंय. वसतिगृहाच्या रेक्टरची लष्करी अधिकाऱ्याशी तुलना करायचा माझा हेतू नाही, गैरसमज नको.

आता दुसरा कागद. तोही त्याच आयोगाचा. डिसेंबर 2012 च्या दिल्लीतल्या घटनेनंतर आयोगानं एक कार्यदल नेमलं. त्याचा 'सक्षम' नावाचा अहवाल 2013 मध्ये आला. पुढे लैंगिक छळाच्या प्रतिबंधाचे विनियम 2 मे 2016 ला राजपत्रात आले. हे विनियम आहेत, सूचना नाहीत. कायद्याच्या वजनात फरक पडतो. त्यात स्वच्छ म्हटलंय की स्त्रियांच्या सुरक्षिततेचं कारण सांगून वसतिगृहात मुलींना मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावता येणार नाहीत. आणि पुढे असं की कॅम्पसच्या सुरक्षा-धोरणातून अतिरेकी देखरेख, पोलिसी पहारा किंवा फिरण्यावर बंधनं येता कामा नयेत.

म्हणजे 2013 चा अहवाल एक दिशा दाखवतो, 2015 च्या सूचना नेमक्या उलट्या जातात आणि 2016 चे विनियम पुन्हा मूळ दिशेला येतात. एकाच आयोगाचे हे कागद. तर्कशास्त्राच्या पेपरात विद्यार्थ्यानं असं लिहिलं असतं तर मी मार्क कापले असते.

प्रश्न असा, की महाराष्ट्रातल्या कॉलेजांनी यातला कुठला कागद अमलात आणला? फिरून बघा. भिंती झाल्या, कॅमेरे लागले, ठशांची यंत्रं आली. पण मुलींच्या वसतिगृहाची वेळ आणि मुलांची वेळ अजून कितीतरी ठिकाणी वेगळी आहे. दिल्लीच्या मुलींनी 2015 मध्ये 'पिंजरा तोड' म्हणत याविरुद्ध मोहीम काढली. आपल्या भागात तो आवाज फारसा पोचला नाही.

कारण साधं आहे. भिंत टेंडर काढून घेता येते. कॅमेऱ्याचं बिल येतं, त्याचा फोटो निघतो, तो नॅकच्या अहवालाला जोडता येतो. तक्रार ऐकण्याचं टेंडर निघत नाही. एका महाविद्यालयात, नाव घेत नाही, मी व्याख्यानाला गेलो होतो. तक्रारपेटी होती, छान रंगवलेली, कुलूप लावलेली. प्राचार्यांच्या दाराशेजारी. आणि बरोबर तिच्या डोक्यावर कॅमेरा! तिथल्या एका मुलीला मी विचारलं, यात कुणी चिठ्ठी टाकतं का? ती नुसती हसली. बेंथमनं अठराव्या शतकाच्या शेवटी आराखडा केला होता, एका पहारेकऱ्याला सगळे कैदी दिसावेत आणि त्याचं लक्ष आपल्याकडे आहे की नाही हे कैद्यांना कधीच कळू नये. फुकोनं पुढे त्यावर बरंच लिहिलं. दोघांनाही ही पेटी दाखवायला हवी होती.

त्या गेटवरच्या माणसाबद्दलही बोललं पाहिजे. एजन्सीचा, कंत्राटी, अनेकदा बारा तासांची पाळी. ऊन-पावसाला टपरीएवढी केबिन. खाजगी सुरक्षारक्षकांच्या नोकरीसाठी आणि कल्याणासाठी महाराष्ट्रानं 1981 मध्येच कायदा केला, 2005 मध्ये केंद्राचा एजन्सींसाठीचा कायदा आला. तरी पुढच्या महिन्यात आपण इथं असू का, हे त्या माणसाला माहीत नसतं. मुलीचं आयकार्ड तपासणाऱ्याला तिच्याशी कसं बोलावं, काय विचारायचं आणि काय नाही, हे कुणी शिकवलेलं नसतं. त्याच्यावर सगळा भार टाकायचा, आणि काही घडलं की पहिला तोच निलंबित.

आता सगळ्यात महत्त्वाची गाठ. 2016 च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत अंतर्गत तक्रार समिती हवी. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांनी त्यात बसायचं नाही. का? कारण तक्रार त्यांच्याविरुद्धही असू शकते. भिंतीचा कागद जे विसरला, ते या कागदाला आठवलं. आणि विषय विद्यार्थ्यांचा असेल तर समितीत तीन विद्यार्थी हवेत, पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन या पातळ्यांवरचे. नेमलेले नव्हेत, पारदर्शक लोकशाही पद्धतीनं निवडून आलेले.

निवडून आलेले! महाराष्ट्रात. कॅम्पसमध्ये हाणामाऱ्या होतात म्हणून 1994 च्या विद्यापीठ कायद्यानं थेट निवडणुका घालवल्या आणि मार्कांवर प्रतिनिधी ठरवले. 2016 च्या कायद्यानं निवडणुका कागदावर परत आणल्या, 2019 मध्ये त्या होणार होत्या, त्याही पुढे ढकलल्या गेल्या. म्हणजे सुरक्षेच्या नावानं निवडणूक थांबवली आणि सुरक्षेच्या समितीला निवडून आलेला विद्यार्थी हवा. मग नावं कोण ठरवतं? बहुतेक ठिकाणी प्राचार्य. समितीतून ज्याला बाहेर ठेवायचं, तोच तिचे सदस्य निवडतो. मला वाटतं, आजच्या भाषणातली एक गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा, आणि आपापल्या कॉलेजात जाऊन विचारा की आमच्या समितीतले तीन विद्यार्थी कोण आणि ते कसे आले.

निवडणुका आल्या की मारामाऱ्या होतील, असं म्हणणारे माझे मित्र आहेत. होतील कदाचित. लिंगडोह समितीनं 2006 मध्ये खर्चावर, प्रचारावर मर्यादा घालून दिल्या, त्या यासाठीच. पण निवडणूक नसलेल्या कॅम्पसवर रॅगिंग थांबलं का? रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्रानं 1999 मध्ये केला आणि आयोगाचे विनियम 2009 चे. रॅगिंग करणाऱ्याकडे तर कायम वैध ओळखपत्र असतं.

आणखी एक, मग थांबतो. आपलं विद्यापीठ 2004 मध्ये झालं, एका जिल्ह्यासाठी. केगावला, शहराबाहेर, पुणे महामार्गाच्या कडेला. जिल्ह्यात अकरा तालुके, आणि करमाळा, सांगोला, अक्कलकोट ही काही जवळची गावं नाहीत. बरीच मुलं वसतिगृहात राहत नाहीत, ती एसटीनं येतात-जातात. त्यांच्या दिवसातला अवघड भाग गेटच्या आत नसतो. तो महामार्ग ओलांडताना असतो, थांब्यावर असतो, शेवटची गाडी चुकल्यावर असतो. विनियमांत याचाही विचार आहे: पुरेसे दिवे, भरवशाची वाहतूक, आणि वसतिगृहात न राहणाऱ्यांचा स्वतंत्र उल्लेख. पुढच्या वेळी भिंतीची उंची वाढवण्याचा प्रस्ताव कुठल्याही कॉलेजच्या बैठकीत आला, तर कुणीतरी उठून एवढं विचारावं की संध्याकाळी प्रॅक्टिकल सुटतं किती वाजता आणि त्यानंतर बार्शीची गाडी किती वाजता आहे.

प्रश्न असतील तर घेऊ.