न आटवलेले सोने

दागिन्याला अर्थ कोण देतो: घडवणारा, की अंगावर घालणारा? साहित्य, संगीत, चित्रकला यांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते; सुवर्णकाराच्या कामाची चर्चा मात्र वजन, कस आणि घडणावळ यांपलीकडे क्वचितच जाते. वास्तविक माणसाला आयुष्यातले जे चार-दोन प्रसंग कधीच विसरायचे नसतात, त्यांची खूण तो बहुधा सोनाराकडूनच करून घेतो. लग्नाची अंगठी, बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या गळ्यात घातलेली साखळी, आईच्या मागे उरलेल्या पाटल्या या सर्व अशाच खुणा होत. त्या घडवणाऱ्याच्या कलेचे मोजमाप कसे करावे, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. ओट्टो क्युन्झ्ली या सुवर्णकाराच्या तीन कृतींच्या आधारे त्याचा येथे विचार करू.

त्याआधी परंपरेकडे पाहणे अगत्याचे आहे. इंग्लंडमध्ये १५व्या ते १७व्या शतकांत 'पोझी' नावाच्या अंगठ्या प्रचारात होत्या. साध्या सोन्याच्या वेढ्यावर प्रेमाची वा निष्ठेची एखादी छोटी ओळ कोरलेली असे. आरंभी ती बाहेरच्या अंगाला असे. पुढे ती आतल्या अंगाला, म्हणजे कातडीला लागून कोरण्याची रीत पडली. जगाला दिसतो तो कोरा वेढा; शब्द ठाऊक असतात ते देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये अशा अंगठ्या आज पाहावयास मिळतात. विशेष म्हणजे या ओळी बहुधा नव्याने रचलेल्या नसत. अशा ओळींचे छापील संग्रह निघत आणि एकच ओळ कितीतरी अंगठ्यांवर आढळते. शब्द सार्वजनिक, अर्थ मात्र खासगी. शेक्सपिअरच्या 'व्हेनिसचा व्यापारी' या नाटकाच्या अखेरच्या अंकात ग्रॅशियानो आपण गमावलेल्या अंगठीवरील ओळीची टवाळी करतो, तेव्हा त्याची पत्नी नेरिसा त्याला हेच सुनावते. ओळ कशी होती आणि अंगठीची किंमत काय होती, याच्याशी तिला कर्तव्य नाही. ती जन्मभर बोटात ठेवण्याची शपथ त्याने घेतली होती, एवढेच ती जाणते.

शेक्सपिअरने स्वतः १६१६ साली केलेल्या मृत्युपत्रात आपल्या तीन नटमित्रांना, म्हणजे बर्बेज, हेमिंग्ज आणि कॉन्डेल यांना, अंगठ्या घेण्यासाठी प्रत्येकी २६ शिलिंग ८ पेन्स ठेवले. मृताच्या स्मरणार्थ अंगठी घालण्याची ती रीत होती. यांतून खुणेच्या दागिन्याचे एक लक्षण हाती लागते. ज्याची आठवण ठेवायची तो जवळ नसतो, तेव्हाच अंगठीचे काम सुरू होते. सहवासाला खुणेची गरज नसते. ती भासते विरहात.

क्युन्झ्लीच्या कामाला आम्ही हीच कसोटी लावू इच्छितो. त्याचा जन्म १९४८ साली झुरिक येथे झाला. म्युनिकच्या कला अकादमीत हेर्मान यूंगर यांच्या हाताखाली तो शिकला आणि पुढे १९९१ ते २०१४ या काळात त्याच अकादमीत त्यांच्या जागी प्राध्यापक होता. कारागिरीत तो निष्णात आहे. परंतु त्याची ख्याती कारागिरीपेक्षा त्याने उपस्थित केलेल्या प्रश्नांमुळे झाली.

'दोघांसाठी अंगठी' ही त्याची १९८०ची कृती. पोलादाचा एक सरळ दांडा आणि त्याच्या दोन टोकांना दोन वेढे. दोन माणसांनी एकाच वेळी ती बोटांत घालावयाची. पाहताक्षणी हसू येते आणि लगोलग मनात काहीतरी टोचते. हे बंधन आहे, की बेडी? ही अंगठी घातलेल्या दोघांना ना काम करता येईल, ना एकमेकांपासून हात-दोन हात दूर जाता येईल. कल्पना चतुर आहे, यात शंका नाही. परंतु आमच्या मते कृती म्हणून ती इथेच संपते. विरहाला तिच्यात जागाच ठेवलेली नाही. जी अंगठी एकट्याने घालता येत नाही, ती आठवण कशी ठेवणार? क्युन्झ्लीला बहुधा हेच दाखवावयाचे असेल. पण दाखवून झाल्यावर वस्तूजवळ सांगण्यासारखे फारसे उरत नाही.

त्याच वर्षीचे 'सोने आंधळे करते' हे कडे अधिक खोल जाते. काळ्या रबराच्या नळीचे हे साधे वर्तुळ आहे. एके ठिकाणी ते किंचित फुगलेले दिसते, कारण आत सोन्याची गोळी दडवलेली आहे. सोने डोळ्यांना दिसत नाही. ते आहे याची खात्री करावयाची तर रबर कापावे लागेल, म्हणजेच कडे नष्ट करावे लागेल. ज्या धातूचे अर्धे मोल त्याच्या झळाळीत, त्याचीच झळाळी येथे काढून घेतली आहे. मग उरते काय? उरतो तो घडवणाऱ्याच्या शब्दावरचा विश्वास. पोझी अंगठीतले शब्द जसे आतल्या अंगाला, तसे येथे सोनेच आतल्या अंगाला गेले आहे. शिवाय रबर ही कालांतराने झिजणारी, जीर्ण होणारी वस्तू. श्रीमंती मिरवण्याच्या वृत्तीवर टीका म्हणून या कड्याची वाखाणणी झाली आहे. आम्हांस ते त्याहून मोठे वाटते, कारण न पाहता विश्वास ठेवणे म्हणजे काय, याचा अनुभव ते मनगटावर रोज देत राहते.

तिसरी कृती 'साखळी', १९८५-८६ची. क्युन्झ्लीने वृत्तपत्रात जाहिरात देऊन लोकांच्या वापरलेल्या लग्नाच्या अंगठ्या विकत घेतल्या आणि अशा ४८ अंगठ्या एकमेकींत गुंफून गळ्यात घालण्याजोगी साखळी केली. सोने त्याने आटवले नाही, घासूनपुसून नवे केले नाही. त्यात हिरा बसवला नाही की मीनाकाम केले नाही. प्रत्येक अंगठी जशी झिजली तशीच कडी झाली. सलग वेढे एकमेकींत अडकवायचे तर निदान एकाआड एक अंगठी कापून पुन्हा डाग देऊन जोडावी लागते. म्हणजे या साखळीत कापणे आहे आणि सांधणेही आहे. सुवर्णकाराने केलेले काम एवढेच.

जर्मन भाषिक देशांत लग्नाच्या अंगठीत जोडीदाराचे नाव आणि तारीख कोरण्याची रूढी आहे. अशी अंगठी कोणी विकायला काढतो, तेव्हा त्यामागे मृत्यू असेल, घटस्फोट असेल किंवा निव्वळ पैशाची नड असेल. साखळी यांतले काहीच सांगत नाही. आजीची अंगठी विकणारा नातू आणि स्वतःची अंगठी उतरवणारी स्त्री येथे शेजारी शेजारी आहेत. एका अंगठीकडे पाहून आपल्याला विवाह आठवतो. ४८ अंगठ्या एकत्र पाहिल्यावर आठवतात ती उघडी पडलेली ४८ बोटे.

या कृतीवर एक आक्षेप संभवतो आणि तो हलका नाही. दुसऱ्यांच्या मोडलेल्या किंवा मृत्यूने संपलेल्या विवाहांवर कलावंताने आपली कीर्ती उभारावी काय? पैसे मोजल्याने सोने मालकीचे होते. त्यावर घेतलेली शपथ होते काय? आम्ही ख्रिस्ती वाचक हा प्रश्न टाळू शकत नाही. आपल्या विवाहविधीत अंगठ्यांना आशीर्वाद दिला जातो आणि वधूवर त्या प्रेमाचे व निष्ठेचे चिन्ह म्हणून एकमेकांना देतात. असे चिन्ह कलादालनात मांडणे अनेकांना खटकेल. आमचे उत्तर असे, की या अंगठ्यांची वाट एरवी मुशीकडेच जात होती. तिथे नाव, तारीख, बोटाचे माप आणि झीज हे सारे काही क्षणांत वितळून उरले असते ते केवळ वजन. क्युन्झ्लीने ते होऊ दिले नाही. ज्या खुणांना कोणी वारस उरला नव्हता, त्यांना त्याने खूण म्हणूनच राहू दिले. या संयमाला आम्ही त्याच्या कलेचा कळस मानतो.

तरीही एक उणीव नोंदवली पाहिजे. साखळीतील प्रत्येक कडी कोणाची तरी आहे. साखळी मात्र कोणाचीच नाही. ती गळ्यात घालण्याचे धाडस कोण करील? पोझी अंगठी घडवणाऱ्या सामान्य सोनाराकडे छापील ओळ असे आणि कौशल्यही बेताचे असे. पण त्याच्यासमोर एक विशिष्ट माणूस उभा राही, आणि त्या माणसाच्या बोटाचे माप घेऊनच तो कामाला लागे. क्युन्झ्लीची कृती आपल्याला विचार देते. त्या अनाम कारागिराने सोबत दिली. दोहोंत श्रेष्ठ कोणते, हे ठरवताना आमचे मन आजही त्या कारागिराकडे झुकते.

आपल्या महाराष्ट्रातील घरांत जुना दागिना मोडून नवा करणे ही नित्याची गोष्ट आहे. ती वाईट म्हणण्याचे कारण नाही. सोने ही गरिबाची शिल्लक. आईच्या पाटल्यांतून मुलीचे लग्न उभे राहते, तेव्हा आईचेच काम पुढे चाललेले असते. सोनारही कसोटीवर घासून कस पाहतो, डागाची वजावट करतो, घट धरतो आणि चोख हिशेब सांगतो. त्या हिशेबात एकच रकाना नसतो: आतल्या अंगाला काय कोरले होते, याचा. तो भरणे सोनाराचे काम नव्हे, घरच्यांचे आहे. मुशीत जाण्यापूर्वी अंगठी एकदा उजेडात धरून आतली अक्षरे वाचावीत आणि कुटुंबाच्या वहीत उतरवून ठेवावीत. सोने पुन्हा घडवता येते; पुसले गेलेले नाव कोणत्याही सोनाराला परत घडवता येत नाही.