वाग्भटाची दिनचर्या

वैद्यकाचा ग्रंथ वाङ्मयसमीक्षेच्या कक्षेंत आणणें कित्येक वाचकांस अप्रस्तुत वाटेल. काव्यनाटकांचें परीक्षण रसिकांनीं करावें आणि काढे, चूर्णें व तैलें वैद्यांवर सोपवावीं, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु वाग्भटाचें 'अष्टांगहृदय' ही केवळ औषधांची जंत्री नव्हे. इसवी सनाच्या सातव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या या पद्यबद्ध ग्रंथांत सहा स्थानें व १२० अध्याय आहेत. तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि यास त्यावर 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहावीशी वाटली. ज्या ग्रंथाची रचना इतकी विचारपूर्वक झाली आहे, त्याच्या रचनेचाच अर्थ काय, हें विचारण्याचा अधिकार समीक्षकास खास आहे. तो प्रश्न मी येथें सूत्रस्थानाच्या दुसऱ्या अध्यायापुरता, म्हणजे 'दिनचर्ये'पुरता, विचारीत आहें.

प्रश्नास निमित्त आहे. स्वतःची काळजी घ्या, हा उपदेश सांप्रत चोहोंकडून कानीं येतो. आणि पुष्कळदां तो तेलाच्या एखाद्या महाग बाटलीबरोबर विकला जातो. उलटपक्षीं, आपल्या मध्यम स्थितींतील घरांतून चंदनासारखें झिजणें हाच काय तो सद्गुण, असें आपण बाळपणापासून ऐकत आलों. जो स्वतःकडे पाहतो तो आपमतलबी. एका बाजूस विकत घेतलेले लाड व दुसऱ्या बाजूस मिरविलेली झीज, अशा पेचांत सुशिक्षित कुटुंबें सांपडलीं आहेत.

वाग्भटाचा क्रम साधा आहे. निरोगी मनुष्यानें ब्राह्ममुहूर्तीं उठावें. वड, खैर, करंज, अर्जुन अशा वृक्षांच्या काडीनें दांत घांसावे. अंगास नित्य तेल लावावें, त्यांतही मस्तक, कान व पाय यांस विशेषेंकरून. मग व्यायाम, उटणें व स्नान. ऊन पाण्यानें अंग धुवावें, पण तें मस्तकावर घेऊं नये. आधींचें अन्न पचल्यावरच हितकर व बेताचें जेवावें. येथपर्यंत वाचणाऱ्यास हें एका सुखवस्तु गृहस्थाचें वेळापत्रक वाटेल. परंतु भोजनाचा विषय संपतो न संपतो तोंच ग्रंथकार म्हणतो कीं, प्राणिमात्राची सारी धडपड सुखासाठीं असते आणि धर्मावांचून सुख नाहीं. पुढें त्याच दमांत, ज्यांस उपजीविका नाहीं, जे रोगानें वा शोकानें पीडलेले आहेत, त्यांस शक्त्यनुसार साह्य करावें, किडामुंगीसही आपल्यासारखेंच लेखावें, याचकास विन्मुख पाठवूं नये, असा उपदेश येतो.

या अध्यायाचें मर्म मला या सांध्यांतच दिसतें. चरकसंहितेंतही हे दोन्ही विषय आहेत. नगराचा अधिपति नगराविषयीं व रथी रथाविषयीं जसा दक्ष असतो, तसें शहाण्यानें आपल्या शरीराविषयीं असावें, हा चरकाचा दृष्टांत प्रसिद्ध आहे. पण तेथें शरीराची निगा सूत्रस्थानाच्या पांचव्या अध्यायांत आणि सदाचार आठव्यांत सांगितला आहे. वाग्भटानें दोन्ही एका अध्यायांत, एकाच दिवसाच्या क्रमांत आणून बसविले. पायाला तेल लावणें व दुःखिताच्या साह्यास जाणें हीं त्याच्या लेखीं एकाच दिवसाचीं कामें आहेत. पहिलें स्वार्थाचें व दुसरें परार्थाचें, अशी रेघ त्यानें ओढली नाहीं.

दोहोंस सांधणारें सूत्र मात्रेचें आहे. व्यायाम बलवानानेंही थंडींत व वसंतांत अर्ध्या शक्तीनें करावा व इतर काळीं त्याहून कमी, हा त्याचा नियम. जो श्रमाचा, जागरणाचा, फार काय बोलण्याहंसण्याचाही अतिरेक करितो, तो हत्तीला ओढूं पाहणाऱ्या सिंहाप्रमाणें नाश पावतो. इंद्रियांस पीडूं नये, तसेंच त्यांचे फार लाडही करूं नयेत. आतां दुःखितांच्या सेवेचा नियम पुन्हा पाहावा. तेथेंही 'शक्त्यनुसार' हीच मर्यादा आहे. झिजून संपून जाण्यास वाग्भट पुण्य म्हणत नाहीं. हत्ती ओढणारा सिंह त्याच्या दृष्टीनें शूर नसून अविचारी आहे.

इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकास येथें बेकनची आठवण होईल. १५९७ सालच्या त्याच्या निबंधसंग्रहांत आरोग्यरक्षणावर एक छोटा निबंध आहे. आपणांस काय सोसतें व काय सोसत नाहीं याचें स्वतः केलेलें निरीक्षण वैद्याच्या नियमांहून श्रेष्ठ, हें त्यांतील मत बहुमोल आहे. मत्सर व क्रोध टाळावेत, हेंही तो सांगतो. पण तें आपलें आयुष्य वाढावें म्हणून. शेजाऱ्याची भूक त्याच्या निबंधांत कोठेंच येत नाहीं. वाग्भटाचा विशेष या तुलनेनें अधिक उठून दिसतो.

तथापि गुणगान करून थांबणें ही समीक्षा नव्हे. या अध्यायांतील धूम्रपान व नित्याचें अंजन आज कोणीं अनुसरूं नये. धूर फुप्फुसांस घातक आहे, आणि कित्येक सुरम्यांत सांपडणारें शिसें विषारी आहे. पण हे दोष काळाचे म्हणून सोडून देतां येतील. याहून मोठा दोष निराळा आहे. हें तेल कोमट कोणीं करावयाचें? पाणी कोणीं तापवावयाचें? त्या हातांचा दिवस कसा जातो, याविषयीं हा अध्याय मूक आहे. इतकेंच नव्हे, तर स्त्रियांवर विश्वास टाकूं नये व त्यांस स्वातंत्र्य देऊं नये, असेंही त्यांत स्पष्ट म्हटलें आहे. किडामुंगीस आत्मवत् लेखणाऱ्या ग्रंथकारास स्वतःच्या घरांतील माणूस दिसूं नये, हें खेदकारक आहे.

आणि हा आक्षेप मी कोणत्या तोंडानें घेऊं? पुष्कळ वर्षें पहाटे उठणें, अभ्यंग, व्यायाम, वेळेवर भोजन हा क्रम मीं चालविला आणि त्याचें श्रेय माझ्या निग्रहास दिलें. दोन वर्षांपूर्वीं माझ्या पत्नीनें अंथरूण धरलें आणि तिसऱ्या दिवशीं माझा निग्रह मोडला. तेलाची वाटी जागेवर नव्हती, पाणी तापलेलें नव्हतें. डॉक्टरांनीं तिला विचारलें, गुडघे केव्हांपासून दुखतात? ती म्हणाली, "झालीं असतील चार वर्षें." मी शेजारींच उभा होतों. चार वर्षांपैकीं एक दिवसही मला त्याचा पत्ता नव्हता.

आतां रोज सकाळीं अर्धा तास ती आपल्या खोलींत गुडघ्यांस तेल लावून डॉक्टरांनीं दाखविलेला व्यायाम करते. तेवढ्या वेळांत चहा मी करतों. पहिला महिनाभर तिला त्या अर्ध्या तासाची लाज वाटे. मधूनच उठून ती स्वयंपाकघरांत डोकावे. ज्या संस्कारानें तिला स्वतःच्या गुडघ्याची लाज शिकविली, त्याचा फायदा इतकीं वर्षें मीं घेतला, हें मला तेव्हां कळलें. रोजचा अर्धा तास ही कांहीं चैन नव्हे. ज्या घरांत तो एकालाच मिळतो, त्या घराची दिनचर्या अर्धीच वाचलेली आहे.

वाग्भटाच्या दोषावर उतारा मात्र त्याच्याच अध्यायांत आहे. स्त्रियांविषयींच्या त्या वचनाच्या लगेच पुढें तो म्हणतो कीं, बुद्धिमंतास सर्व व्यवहारांत लोक हाच गुरु होय. म्हणजे ग्रंथाच्या पुढें जाण्याची मोकळीक ग्रंथानेंच दिली आहे. त्यानंतर तो सगळ्या सद्वर्तनाचें सार सांगतो: अंतःकरणाचा ओलावा, दान, काया-वाचा-मनाचा संयम, आणि दुसऱ्याचें काम तें आपलेंच मानणें. अखेरीस दिनचर्येचें शेवटचें कृत्य येतें. माझे दिवस व माझ्या रात्री सध्यां कशा जात आहेत, असें जो नित्य स्वतःस विचारतो, तो दुःखाचा धनी होत नाहीं.

हा प्रश्न विकत मिळत नाहीं आणि त्यास वेळही फारसा लागत नाहीं. मी त्यांत एवढीच भर घालतों कीं, तो स्वतःस विचारून झाल्यावर दिवा मालवण्यापूर्वीं घरांतील दुसऱ्या माणसासही विचारावा, आणि उत्तर येईपर्यंत थांबावें.