एकसूर आणि समेट

लोकसंगीत दुभंगलेल्या समाजाला जोडते, हे गृहीतक लोकसाहित्याच्या मराठी विचारात इतके रूढ झाले आहे की ते तपासण्याची निकड सहसा भासत नाही. वस्तुतः एकत्र गाणे आणि परस्परांचे ऐकणे या दोन भिन्न क्रिया होत. पहिलीतून ऐक्याचा अनुभव येतो. समेट मात्र दुसरीवाचून संभवत नाही.

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी या संदर्भात विचारार्ह ठरते. सैन्यातून १९७५ मध्ये गावी परतलेल्या अण्णा हजारे यांनी यादवबाबा मंदिराच्या जीर्णोद्धारापासून कामास आरंभ केला आणि मंदिर हेच ग्रामसुधारणेचे नैतिक केंद्र बनले. दलित कुटुंबांचे कर्ज फेडण्यासाठी ग्रामस्थांनी केलेले श्रमदान ही लहान घटना नव्हे. तथापि दलितांचा हा समावेश गावाने ठरविलेल्या आचारधर्माच्या अटींवर झाला, असा आक्षेप मुकुल शर्मा यांनी ‘ग्रीन अँड सॅफ्रन’ (२०१२) या ग्रंथात घेतला आहे. मंदिरकेंद्री गावाचे स्वाभाविक समूहगान म्हणजे भजन. म्हणून हा आक्षेप संगीतविचारालाही लागू पडतो. भजनात एकाने चरण म्हणावा, इतरांनी ध्रुपद उचलावे, अशी रचना असते. तीत सहभाग सर्वांना आहे. प्रश्न असा की, चरणातील गाऱ्हाण्याला उत्तर देण्याचे दायित्व कोणावर आहे काय?

चोखामेळ्याचे उदाहरण येथे निर्णायक आहे. चौदाव्या शतकातील या संताने विटाळाच्या कल्पनेलाच प्रश्न विचारले. ते अभंग वारकऱ्यांनी शतकानुशतके भक्तिभावाने गायिले. त्याची समाधी मात्र पंढरपूरच्या मंदिराबाहेरच राहिली आणि अस्पृश्यांना मंदिरप्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. गाऱ्हाणे कंठस्थ झाले, परंतु ते कोणाविरुद्ध आहे याचा विसर पडला.

जात्यावरच्या ओवीची रचना वेगळी आहे. तेथे एकीची ओवी दुसरी पुढे नेते, तिला आपले दुःख जोडते. गी पॉयटव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्यांत विठ्ठलाला भाऊ मानणाऱ्या स्त्रिया आहेत आणि त्याच छंदात आंबेडकरांना गाणाऱ्या दलित स्त्रियाही आहेत. छंद सामाईक, अनुभव विषम. या सामाईकतेमुळे परक्या वाटणाऱ्या दुःखाचीही भाषा ओळखीची राहते. परंतु जाती घरोघर निराळी होती. या ओव्या संग्रहात शेजारी आल्या म्हणून त्या स्त्रिया शेजारी बसल्या असे होत नाही.

हा पेच केवळ मराठी नाही. कॅनडातील आदिवासी मुलांच्या निवासी शाळांचा इतिहास तपासणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाचे काम २००८ ते २०१५ या काळात चालले. तेथील आदिवासी अभ्यासक डिलन रॉबिन्सन यांनी ‘हंग्री लिसनिंग’ (२०२०) या ग्रंथात वसाहतकारांच्या अधाशी श्रवणाची चिकित्सा केली: आदिवासी गाणे मैफलीत सामावले जाते, पण मैफलीची चौकट बदलत नाही.

म्हणून लोकसंगीताची समेटक्षमता नाकारण्याचे कारण नाही. तिची कसोटी बदलली पाहिजे. किती जातींनी एकत्र गायिले याची मोजदाद अपुरी आहे. गाऱ्हाणे ऐकल्यावर ऐकणाऱ्याच्या व्यवहारात काय बदलले, हे समीक्षेने विचारावयास हवे.