गाव सोडलेला विनोद

एडगर राइटच्या ‘द रनिंग मॅन’मध्ये (२०२५) माणूस पळतो, कॅमेरा त्याच्याहून जोरात पळतो आणि हसू मागेच राहून जातं. स्टीफन किंगच्या कादंबरीवरचा, ग्लेन पॉवेलला घेऊन केलेला हा चित्रपट सफाईदार आहे. पण तो आणखी चार-पाच दिग्दर्शकांना जमला असता. ‘शॉन ऑफ द डेड’ दुसऱ्या कुणालाच जमला नसता.

२००४ सालच्या त्या चित्रपटातली कोपऱ्यावरच्या दुकानाची फेरी आठवावी. शॉन सकाळी घरातून निघतो, रस्ता ओलांडतो, दुकानात शिरतो. सगळं एका सलग शॉटमध्ये. पुढे पुन्हा तीच वाट, तसाच सलग शॉट. दरम्यान मुडदे उठून चालू लागलेले आहेत. फ्रिजच्या काचेवर रक्ताचे पंजे उमटलेत, फरशीवरच्या रक्तावरून शॉनचा पाय सटकतो, पण झोप न उतरलेल्या त्या गड्याला कशाचाच पत्ता नाही. हसवणारं एक वाक्यही इथे लागत नाही. पहिल्या फेरीत राइटने आपल्याकडून गल्ली पाठ करून घेतलेली असते, म्हणून दुसऱ्या फेरीत हसू फुटतं.

‘हॉट फझ’ (२००७) तर राइट जिथे वाढला त्या वेल्स गावातच चित्रित झाला. त्यातल्या शेतकऱ्याची बोली फक्त म्हाताऱ्या हवालदाराला कळते, हवालदाराचं पुटपुटणं फक्त डॅनी या त्याच्या सहकाऱ्याला. आणि लंडनहून आलेला कर्तबगार अधिकारी दोन दुभाष्यांच्या पलीकडे ताटकळतो. ‘द वर्ल्ड्‌स एंड’मध्ये (२०१३) एका रात्रीत बारा पब पालथे घालायला निघालेल्या मित्रांना पहिला आणि दुसरा पब हुबेहूब सारखा दिसतो. परग्रहवासी पुढे दिसतात. त्यांच्या आधी साखळी कंपन्यांनी गाव गिळलेलं असतं.

जागेत रुजलेल्या विनोदाचा हा वारसा ईलिंग स्टुडिओचा. ‘पासपोर्ट टु पिम्लिको’त (१९४९) लंडनची एक वस्ती बर्गंडीची ठरते आणि सरकारला धाब्यावर बसवते. दिग्दर्शक मॅकेंड्रिकच्या ‘द लेडीकिलर्स’मध्ये (१९५५) रेल्वेरुळांलगतच्या कलत्या घरातली म्हातारी दरोडेखोरांना पुरून उरते. ब्रिटिश विनोदाच्या इतर वाटा मात्र वेगळ्या: ‘कॅरी ऑन’ मालिकेचे एकतीस चित्रपट द्व्यर्थी संवादांवर जगले. रिचर्ड कर्टिसच्या चित्रपटांतलं लंडन पर्यटकांसाठी सजवलेलं आहे.

राइट आता मोठा झाला, असं त्याचे चाहते सांगतात. दाखला म्हणून ‘बेबी ड्रायव्हर’ची (२०१७) तीन ऑस्कर नामांकनं पुढे करतात. ती संकलनाची आणि ध्वनीची होती. राइटच्या कारागिरीबद्दल वाद कुणी घातला आहे? प्रश्न तिच्यातून काय साधलं याचा आहे. त्या चित्रपटातलं अटलांटा पाठलागाला रस्ते पुरवतं, एवढंच. तिथला दुकानदार, तिथला पब, तिथली बोली प्रेक्षकाच्या ओळखीची होत नाही. मग विनोदाने उभं राहायचं कुठे? मोठ्या पडद्याला मोठं शहर आणि मोठा खर्च लागतो, ही समजूत राइटनेच सुमारे चाळीस लाख पौंडांच्या ‘शॉन’ने खोटी पाडली होती. आज तिच्याच मागे त्याने धावावं, हे ब्रिटिश विनोदी चित्रपटाचं सरळ नुकसान आहे.

‘शॉन’, ‘हॉट फझ’ आणि ‘द वर्ल्ड्‌स एंड’ या तिन्ही पटकथा राइटने सायमन पेगबरोबर लिहिल्या, तिन्हींत पेगसोबत निक फ्रॉस्ट होता. २०१३ नंतर हे तिघे एकाही चित्रपटासाठी एकत्र आलेले नाहीत. राइट आणि पेग यांनी चौथी पटकथा लिहायला बसावं, आणि त्यासाठी आधी वेल्सचं तिकीट काढावं.